उसातले बछडे आणि त्यांचे पालकत्व

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला तो 'निराधार मांजरांचे पालकत्व'. कार्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर वस्तीतली मांजरं असणार, कारण दर पावसाळ्यात आपली पोरं कुठून तरी भिजलेली पिल्लं उचलून आणतात आणि मग ती कुणाच्या घरी ठेवायची यावर आयांची भांडणं लागतात. त्या मांजरांवरही मी बोलणार आहे. पण जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यात राहून मांजराच्या पिल्लांविषयी बोलायचं आणि बिबट्याचं नाव घ्यायचं नाही, हे काही बरोबर होणार नाही. बिबट्या हा मांजराच्याच कुळातला. आणि आपल्याकडे उसाच्या फडात जी पिल्लं सापडतात, त्यांचं काय करायचं हा प्रश्न दर हंगामात कुणाच्या ना कुणाच्या दारात येऊन उभा राहतो.

मला ठाऊक आहे की हे नाव काढल्याबरोबर इथे बसलेल्या काही लोकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडायलाच पाहिजेत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांच्या आत दोन लहान मुलं आणि एक वृद्ध बाई बिबट्याच्या हल्ल्यात गेली. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक रस्ता अडवला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नेमबाजांनी एक बिबट्या गोळी घालून मारला. शासनाची भरपाई आता पंचवीस लाख रुपये आहे, पण भरपाईने घरातलं लेकरू परत येत नाही. तेव्हा बिबट्याच्या पिल्लावर माया करा असं सांगायला मी उभा नाही. माणसावर हल्ला करणाऱ्या जनावराला पकडावंच लागतं, त्यावर माझा काही वाद नाही. मी बोलणार आहे ते डोळेसुद्धा नीट न उघडलेल्या पिल्लाबद्दल, आणि ते पिल्लू कुठे गेलं म्हणजे आपली मुलं जास्त सुरक्षित राहतील याबद्दल.

आधी ही जनावरं उसात आली कशी ते बघू. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणं झाली. डिंभ्याच्या पाण्याखाली तर मूळचं आंबेगावच गेलं, तालुक्याला नाव तेवढं उरलं. पण खालच्या अंगाला बारमाही पाणी आलं आणि पाण्यामागून ऊस आला. ऊस वर्षभर उभा असतो. आत गारवा, आडोसा, शेजारी पाणी. खायला रानडुकरं, ससे, घुशी, आणि वस्तीवरची कुत्री, शेळ्या, कोंबड्या. जंगलात याहून वेगळं काय असतं? आज या भागात असे बिबटे आहेत की ज्यांच्या आईचा जन्म उसातला आणि आजीचाही उसातलाच. त्यांना 'जंगलात परत जा' म्हणण्याला अर्थ नाही. त्यांनी जंगल पाहिलेलंच नाही.

बिबट्याची मादी साधारण तीन महिने गाभण राहते आणि बहुधा दोन-तीन पिल्लं देते. ती शिकारीला जाताना पिल्लांना पाचटात लपवून ठेवते, रात्री येऊन दूध पाजते, आणि मधूनमधून मानगूट धरून एकेकाला दुसऱ्या जागी हलवते. म्हणजे दिवसा उसात एकटं दिसलेलं पिल्लू हे टाकून दिलेलं नसतं, ते लपवलेलं असतं. आपल्या बाया बांधावर झोळी बांधून लेकराला निजवतात आणि खुरपायला जातात. येणारा-जाणारा 'बेवारस आहे' म्हणून ते लेकरू उचलून नेईल का?

मग कारखान्याचा हंगाम सुरू होतो. दिवाळीच्या पुढेमागे विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन्ही कारखान्यांच्या टोळ्या फडात उतरतात. भल्या पहाटे तोड सुरू होते, आणि एखाद्या सकाळी कोयता थांबतो. पाचट हलवलं की खाली मांजराएवढी, ठिपक्यांची, फुसफुसणारी दोन-तीन पिल्लं. त्यानंतरच्या तासाभरात जे काही घडतं त्यावर त्या पिल्लांचं आणि त्या शिवारातल्या माणसांचं पुढचं बरंच काही ठरतं.

बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा गर्दी होते. मोबाईल बाहेर निघतात. कुणी पिल्लू मांडीवर घेतं, कुणी त्याला वाटीतून गायीचं दूध पाजतं. हे दूध फार वाईट. बिबट्याच्या मादीचं दूध गायीच्या दुधापेक्षा कितीतरी घट्ट असतं, आणि गायीच्या दुधाने या पिल्लांना जुलाब लागतात. इतक्या लहान जिवाला जुलाब म्हणजे एका दिवसाचा खेळ. कुणी म्हणतं, आता माणसाचा हात लागला, आता आई याला घेणार नाही. हा समज आपल्याकडे चिमणीच्या पिल्लापासून बिबट्याच्या पिल्लापर्यंत सगळ्यांना लावतात. बिबट्याच्या बाबतीत तो साफ खोटा आहे. तो खोटा आहे हे पुस्तकात वाचून नव्हे, तर आपल्याच तालुक्यांतल्या फडांमध्ये रात्री लावलेल्या कॅमेऱ्यांत दिसलेलं आहे.

ते काम कसं चालतं ते सांगतो. वनखात्याला फोन गेला की वनरक्षक येतात, त्यांच्याबरोबर माणिकडोहच्या केंद्रातले डॉक्टर येतात. पिल्लं तपासतात, नर-मादी बघतात, अंगावरच्या गोचिड्या काढतात, अशक्तपणा असेल तर उपचार करतात. तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप कातडीखाली घालतात, म्हणजे हेच जनावर पुढे कधी पकडलं गेलं तर ओळखू येतं. मग संध्याकाळी, ज्या फडात पिल्लं सापडली त्याच फडात, शक्यतो त्याच जागी, एका क्रेटमध्ये किंवा खोक्यात ती ठेवतात. खोका असा की आईला पंजाने सहज पाडता येईल. समोर कॅमेरा लावतात आणि माणसं लांब निघून जातात. अंधार पडला की मादी येते. आधी लांबून फेरी मारते, वास घेते, खोका पाडते, आणि एक पिल्लू तोंडात धरून निघून जाते. थोड्या वेळाने दुसऱ्यासाठी येते. कधी पहिल्या रात्री येत नाही, मग दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवावं लागतं. अशा तऱ्हेने जुन्नर वनविभागात अनेक पिल्लं आपल्या आईकडे गेलेली आहेत. एवढं साधं काम, पण त्याला एक अट आहे. फडातली गर्दी हटली पाहिजे आणि त्या रात्री तिथे बॅटऱ्या घेऊन कुणी फिरकता कामा नये.

आता कुणी विचारील, आणि विचारावंच, की परत का द्यायचं? चार पिल्लं कमी झाली तर पुढचे चार बिबटे कमी झाले. हिशेब वरवर बरोबर वाटतो. पण पिल्लं उचलून नेली तरी आई त्याच शिवारात राहते. ती रात्रभर त्या फडाभोवती हुडकत फिरते. आणि त्या फडाशेजारी कोण असतं? टोळीच्या कोप्या असतात. बीड, अहिल्यानगर, जळगावकडून आलेली माणसं उसाच्या वाढ्यांच्या आडोशाला उघड्यावर निजतात, त्यांची लेकरं दाराशी खेळतात. त्या दाराला कडीसुद्धा नसते. गावाच्या टोकाला, शेताला लागून घर कुणाचं असतं तेही आपल्याला माहीत आहे. बंगल्यात राहणाऱ्याने पिल्लू उचललं तर बिथरलेली आई त्याच्या बंगल्यात जात नाही.

शिवाय हा 'उचला आणि लांब सोडा' उपाय आपल्याकडे करून झालेला आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर विभागात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडले, शंभराहून अधिक, आणि त्यांतले बरेच दुसरीकडे नेऊन सोडले. संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्याचा हिशेब मांडला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. १९९३ ते २००१ मध्ये या विभागात बिबट्याचे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. पकडून सोडण्याची मोहीम सुरू झाल्यावर ती सरासरी १७ वर गेली. हल्ल्यांपैकी माणूस दगावण्याचं प्रमाण १८ टक्के होतं, ते ३६ टक्के झालं. ज्या मोहिमेने बिबट्यांचा त्रास कमी व्हायचा तिनेच तो वाढवला. अनोळखी मुलखात सोडलेलं, पिंजऱ्यात बिथरलेलं जनावर नव्या जागी नवी भानगड करतं, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरं जनावर येऊन बसतं.

'आजोबा' नावाच्या बिबट्याची गोष्ट इथल्या काहींनी सिनेमात पाहिली असेल, २०१४ साली आला होता. तो खरा बिबट्या २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला सापडला. गळ्यात रेडिओचा पट्टा बांधून त्याला आपल्या माळशेज घाटात सोडलं. तो तिथे राहिला का? शंभराहून अधिक किलोमीटर चालत, हमरस्ते आणि खाडी ओलांडून तो मुंबईच्या नॅशनल पार्कात गेला. वाटेत त्याने कुणाला इजा केली नाही. २०११ च्या डिसेंबरात घोडबंदर रस्त्यावर गाडीच्या धडकेने मेला. जनावर आपल्या मनाने जागा निवडतं, आपण नकाशावर बोट ठेवून सांगितलेल्या जागी राहत नाही, एवढंच यातून घ्यायचं.

जी पिल्लं परत जाऊ शकत नाहीत, त्यांचं काय? आई मेलेली असते, किंवा पिल्लू जखमी असतं, किंवा चार-पाच रात्री ठेवूनही आई येत नाही. जुन्नरजवळ माणिकडोहला वनखात्याचं बिबट निवारा केंद्र आहे, ते वनखात्याबरोबर २००७ पासून वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था चालवते. विहिरीत पडलेले, गाडीखाली आलेले, फासकीत पाय गेलेले, आणि हल्ल्यानंतर पकडलेले असे बिबटे तिथे येतात. माणसाच्या हाताने वाढलेलं पिल्लू पुढे मोकळं सोडता येत नाही, कारण त्याला माणसाची भीती उरत नाही आणि शिकार करायला शिकवणारं कुणी नसतं. आई दीड-दोन वर्षं शिकवते, ते कुठल्याही पिंजऱ्यात शिकवता येत नाही. म्हणजे प्रेमापोटी घरी नेऊन चार दिवस बाटलीने दूध पाजलेलं पिल्लू हे जन्मठेपेला गेलेलं पिल्लू. बंदिस्त बिबट्या पंधरा-वीस वर्षंही जगतो. त्याला दिवसाला तीन-चार किलो मांस लागतं. डॉक्टर, औषध, पिंजरा, राखणारी माणसं हे वेगळंच. केंद्राची जागा कमी पडते म्हणून काही बिबटे २०२४ साली गुजरातेत जामनगरला पाठवावे लागले.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण पोरांना हे माहीत नसतं. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पिल्लू घरी ठेवणं, विकणं, मारणं, यात तीन ते सात वर्षांची कैद आहे. 'आम्ही तर जीव वाचवला' हे कोर्टात चालत नाही.

आता पालकत्वाचा मुद्दा. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात प्राणी दत्तक योजना आहे. पैसे भरायचे आणि वर्षभर एखाद्या पिंजऱ्यातल्या प्राण्याचा खर्च उचलायचा. प्राणी घरी न्यायचा नसतो, नाहीतर काहींचा गैरसमज व्हायचा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांच्या कुटुंबाने तिथला एक बिबट्या असा दत्तक घेतला, ती बातमी आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली. बिबट्यासाठी वर्षाची रक्कम लाखाच्या घरात जाते, तेव्हा आपल्यासारख्या मंडळींनी एकेकट्याने तसं करावं हे शक्य नाही. ज्याला जमेल त्याने माणिकडोहसारख्या केंद्राला पावती घेऊन देणगी द्यावी, चांगलंच आहे.

पण माझ्या मते आपल्या तालुक्यात पालकत्वाचा खरा खर्च दुसरीकडेच आहे आणि तो सध्या सर्वांत गरीब माणूस भरतो. पिल्लं सापडली की त्या फडातली तोड थांबवायची, एक रात्र, कधी दोन रात्री. शेतकऱ्याचा ऊस दोन दिवस उशिरा जाईल, त्याचं फारसं बिघडत नाही. टोळीचं बिघडतं. त्यांची मजुरी टनावर. २०२४ च्या करारानंतर टनाला साडेतीनशेच्या वर दर झाला. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दोन टनांच्या आसपास तोडते. म्हणजे सातशे रुपये. दहा कोयत्यांच्या टोळीचा अर्धा दिवस बुडाला तर साडेतीन हजार गेले. अंगावर मुकादमाची उचल, ती फेडायची राहिलेली. मग मुकादम म्हणतो, पिल्लं बांधावर फेका आणि तोड चालू ठेवा. त्याला नावं ठेवायला आपल्याला तोंड नाही. ते साडेतीन हजार रुपये कुणी द्यायचे, हा माझा प्रश्न आहे. माझी सूचना अशी आहे की विहाराच्या निधीत एक लहानसा भाग यासाठी बाजूला ठेवावा. आपल्या शिवारात पिल्लं सापडली आणि टोळी थांबली, तर त्याच दिवशी त्यांची बुडालेली मजुरी हातावर ठेवायची. शंभर कुटुंबांनी महिन्याला दहा रुपये दिले तरी वर्षाला बारा हजार जमतात. एका हंगामात तीन वेळा टोळी थांबवण्याची ऐपत एवढ्याने येते. मैत्री आणि करुणा हे शब्द आपण इथे रोज उच्चारतो, त्यांचा जमाखर्च कधीतरी वहीत दिसायला हरकत नाही.

अजून दोन लहान पिल्लांबद्दल सांगायचं राहिलं. सगळीच ठिपक्यांची पिल्लं बिबट्याची नसतात. उसात वाघाटीची पिल्लं सापडतात. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक, पूर्ण वाढली तरी किलो-दीड किलोची, आपल्या घरच्या मांजरापेक्षा लहान. तांबूस बारीक ठिपके आणि कपाळावर उभ्या रेघा. हिलाही बिबट्याएवढंच कायद्याचं संरक्षण आहे. लोक तिला बिबट्याचं पिल्लू समजून मारतात. दुसरा बाऊल, म्हणजे मोठं रानमांजर. त्याचे पाय लांब, अंगावर ठिपके नाहीत, कानाच्या टोकाला केसांचा झुबका. त्याचं पिल्लू हुबेहूब गावठी मांजराच्या पिल्लासारखं दिसतं आणि पोरं 'मांजर सापडलं' म्हणून घरी आणतात. मोठं झालं की ओरबाडतं, मग पोत्यात घालून कुठेतरी सोडून देतात. या दोघांनाही तोच नियम: जिथे सापडलं तिथेच ठेवा आणि खात्याला कळवा. त्यांच्याही आया परत येतात.

आणि घरची मांजरं. ही मात्र खुशाल पाळा. फक्त पिल्लू निदान आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नका. रेबीजची लस टोचून घ्या, आणि मांजरांच्या साथीच्या रोगाचीही. हा साथीचा रोग घरच्या मांजराकडून वाघाटीला, बाऊलला, बिबट्याच्या पिल्लालाही होऊ शकतो. म्हणून रानातून आणलेलं कोणतंही पिल्लू घरच्या मांजराजवळ क्षणभरसुद्धा ठेवू नये. मांजरीची नसबंदी करून घेतली तर दर चार महिन्यांनी पाच पिल्लं कुणाच्या गळ्यात मारायची हा वस्तीतला वाद मिटेल. कुत्र्यांचंही तेच. वस्तीवर मोकाट कुत्री जितकी जास्त, तितका बिबट्याचा वावर जास्त.

विहिरींचंही तेवढ्यात सांगतो. ज्यांची स्वतःची किंवा वाट्याची विहीर आहे त्यांनी कठडा बांधून घ्यावा. रात्री शिकारीमागे धावताना बिबट्या विहिरीत पडतो, मग दोराने बाज सोडा, पिंजरा सोडा, शंभर माणसं काठावर, आणि त्या गोंधळात एखादं पोर आत पडायचं. तीन फुटांचा कठडा दोघांनाही वाचवतो. पडलेला दिसलाच तर दोराने एखादी फळी किंवा बाज पाण्यावर सोडून ठेवावी, म्हणजे तो तिच्यावर दम खाईल, आणि माणसांनी मागे सरावं. जाळं टाकणं, वर ओढणं हे आपलं काम नाही.

वनखात्याचा फोन नंबर १९२६ आहे. पैसे पडत नाहीत. तो मी बाहेरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे, समितीने तो पुसू नये. तोडीला आपल्या वस्तीतलं जे कुणी जातं त्यांनी तो पाठ करावा आणि बाहेरून आलेल्या टोळ्यांना, त्यांच्या मुकादमाला सांगावा. निधीच्या सूचनेवर समितीने पुढच्या बैठकीत चर्चा करावी अशी विनंती आहे, कारण हंगाम तोंडावर आला की मग कुणाला वेळ नसतो. आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. जय भीम.